‘काहीतरी खाऊन या’ : एका फसलेल्या पोस्टरचे धडे

लेखाचा विषय आहे ग्राफिक डिझाइन. पण सुरुवात एका फजितीपासून करावी लागणार, आणि फजिती माझी स्वतःचीच आहे. त्यामुळे सुरुवातीला हसलात तरी चालेल, पुढचं मात्र जरा नीट वाचा. कारण आपल्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी कशाचं तरी पोस्टर करणारच आहे. गॅदरिंग, टेक-फेस्ट, वर्कशॉप, नाहीतर हरवलेला कॅल्क्युलेटर!

गेल्या वर्षी कॉलेजात रक्तदान शिबिर होतं. कमिटीच्या मीटिंगमध्ये “कोरल ड्रॉ कोणाला येतं?” असा प्रश्न आला आणि माझा हात आपोआप वर गेला. झालं, पोस्टर माझ्या गळ्यात! मी दोन रात्री जागून ते केलं. लालभडक पार्श्वभूमी, खाली गडद होत जाणारा ग्रेडियंट, मधोमध रक्ताचा मोठ्ठा चमकणारा थेंब, थेंबाखाली दोन हात, वर वळणदार अक्षरांत घोषवाक्य. एकूण चार फॉन्ट वापरले होते. अगदी तळाशी, जागा उरली म्हणून, नारंगी रंगात बारीक अक्षरांत पाच सूचना. त्यातली चौथी सूचना अशी होती : ‘दात्यांनी रिक्त उदरी येऊ नये.’

हसू नका. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. घरी मराठी बोलतो, पण मराठीत लिहायची वेळ आली की मला वाटतं, जितकं अवघड तितकं शुद्ध. ‘रिक्त उदरी’ हे मी मुद्दाम शोधून काढलं होतं, आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता!

पोस्टरचं खूप कौतुक झालं. सगळ्यांनी फोटो काढले. शिबिराच्या दिवशी सकाळी आमच्या मेसच्या मावशी आल्या. त्यांच्याबरोबर शेजारच्या इमारतीच्या बांधकामावरचे सात-आठ कामगार होते. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “काही खाल्लंय का?” सगळ्यांच्या माना नकारार्थी हलल्या. रक्त ‘तपासायला’ द्यायचं तर उपाशी जायचं असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून रक्त ‘द्यायलाही’ ते बिचारे उपाशीच आले होते. उपाशीपोटी रक्त दिलं तर चक्कर येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना आधी खाऊन यायला सांगितलं. कामगारांची कामावर जायची वेळ झाली होती, मावशींना दुपारचा स्वयंपाक करायचा होता. सगळे परत गेले. पुन्हा कोणी आलं नाही.

“मावशी, पोस्टरवर लिहिलं होतं ना!” मी म्हटलं.

“कुठं गं पोरी?”

मी त्यांना दाखवायला पोस्टरजवळ गेले. आणि खरं सांगते, ती ओळ मी स्वतः लिहिलेली असूनही मला ती लगेच सापडली नाही.

त्या दिवसापासून मी ग्राफिक डिझाइन वाचायला घेतलं. सॉफ्टवेअर नव्हे, डिझाइन. जे समजलं ते इथे क्रमाने मांडते आहे.

१. सजावट वेगळी, डिझाइन वेगळं

मी जे केलं होतं ती सजावट होती. कागद रिकामा दिसला की त्यात काहीतरी भरायचं, हा सजावटीचा विचार. डिझाइनचा विचार उलट्या टोकाने सुरू होतो. हे कोण बघणार? कुठे उभं राहून बघणार? त्याला आधीपासून काय माहीत आहे? आणि बघून झाल्यावर त्याने काय करायला हवं? आपण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ लिहितो ना, तेच हे.

आपल्याला हे नवीन आहे असं मुळीच नाही. फर्स्ट इयरचं ईडी आठवा. दिसणारी कड जाड रेषेत, मापाची रेषा बारीक, लपलेली कड तुटक, मध्यरेषा लांब-आखूड. जाड रेषा बारीक रेषेच्या निदान दुप्पट जाड हवी, म्हणून सर शीट परत द्यायचे आणि आपण वैतागायचो. पण त्यामुळेच तर वर्कशॉपमधल्या माणसाला, त्याने आपल्याला कधी पाहिलेलंही नसताना, जॉबचा आकार अचूक कळतो. ड्रॉइंग शीट ही ‘सुंदर’ नसते, ती समजते. दृश्य संवाद म्हणतात तो हाच.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लंडनचं आहे, आणि ते एका ड्राफ्ट्समनचं आहे! तिथल्या भुयारी रेल्वेचे जुने नकाशे खऱ्या भूगोलाप्रमाणे काढलेले असत. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्टेशनांची नुसती गर्दी, आणि उपनगरांत लांबच लांब रेषा. रेल्वेच्या सिग्नल विभागात काम केलेल्या हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये फावल्या वेळात एक वेगळा नकाशा काढला. सगळ्या रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत. स्टेशनांमधलं अंतर साधारण सारखं. वरच्या रस्त्यांना फाटा, फक्त थेम्स नदी तेवढी ठेवली. दिसायला अगदी सर्किट डायग्राम! आधी तो नाकारला गेला. १९३३ मध्ये तो खिशात मावेल असा छापून लोकांच्या हाती दिला, आणि लोकांनी तो उचलून धरला. आज जगभरातल्या मेट्रोंचे नकाशे त्याच पद्धतीचे दिसतात.

बेकचा नकाशा अंतराच्या दृष्टीने ‘चूक’ आहे. पण जमिनीखालून जाणाऱ्या माणसाला अंतर नको असतं. गाडी कुठली, उतरायचं कुठे आणि बदलायची कुठे, एवढंच त्याला हवं असतं. काय ठेवायचं यापेक्षा काय काढून टाकायचं हे त्यांना कळलं होतं. मला माझा चमकणारा थेंब आठवला आणि लाज वाटली.

२. नजरेचा क्रम

पोस्टरवरच्या सगळ्या गोष्टी ओरडायला लागल्या तर कोणाचंच ऐकू येत नाही. आपल्या कॅन्टीनमध्ये दुपारी एक वाजता जे होतं तेच! म्हणून पहिलं काम म्हणजे मजकुराची वर्गवारी. लांबून काय दिसायला हवं, दोन पावलांवरून काय, आणि नाकासमोर आल्यावर काय, असे तीन गट करायचे.

माझ्या पोस्टरवर लांबून थेंब दिसत होता, मग घोषवाक्य, मग आयोजकांची नावं, मग तारीख, आणि शेवटी (दिसलीच तर) सूचना. खरं तर लांबून ‘रक्तदान’ आणि तारीख दिसायला हवी होती. दुसऱ्या पायरीवर ठिकाण, वेळ आणि ‘खाऊन या’. आयोजकांची नावं बारीक चालली असती, कारण ती शोधून वाचणारे फक्त आयोजकच असतात.

हा क्रम दाखवायला साधनं मोजकीच आहेत : आकार, जाडी, रंग, जागा आणि मोकळी जागा. यातलं शेवटचं साधन आपण विसरतो. एखाद्या ओळीच्या भोवती काहीही न ठेवणं हा ती मोठी करण्याइतकाच चांगला उपाय आहे. पण मोकळी जागा दिसली की कमिटीमधलं कोणीतरी म्हणतंच, “इथे काहीतरी टाक ना!” तेव्हा टाकू नका.

आकार किती हवा, यासाठी थोडं गणित. १ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, साधारण ०.३५ मिमी. माझ्या सूचना १४ पॉइंटच्या होत्या, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम ५ मिमी. आता ढोबळ ठोकताळा असा, की अक्षराची उंची वाचण्याच्या अंतराच्या निदान दोनशेव्या भागाइतकी हवी. कॉरिडॉरमध्ये माणूस ३ मीटरवरून बघतो असं धरलं तर अक्षर १५ मिमी उंच हवं. मी त्याच्या एक तृतीयांशावर अडकले होते. स्क्रीनवर झूम करून काम करत असताना हे लक्षातच येत नाही, म्हणून प्रिंट काढून भिंतीवर लावून मागे जाऊन बघणं याला पर्याय नाही.

सोपी चाचणी : डोळे किलकिले करून पोस्टर बघा. सगळं धूसर होईल. त्या धूसरपणातही जे ठळक उरतं, तेच तुमच्या पोस्टरचं खरं शीर्षक.

३. जवळीक आणि रांग

जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात साध्या ठिपक्यांची उदाहरणं आहेत. ठिपके सारख्या अंतरावर असले की एक रांग दिसते. तेच दोन-दोन जवळ आणले की लगेच जोड्या दिसायला लागतात. कोणी सांगावं लागत नाही. जवळ आहेत ते एकमेकांचे, सारखे दिसतात ते एका गटाचे, असं आपला मेंदू परस्पर ठरवून टाकतो. गेस्टाल्ट नावाची जी विचारसरणी आहे तिचा हा भाग.

याचा उपयोग असा. माझ्या पोस्टरवर तारीख वर उजवीकडे होती, वेळ खाली डावीकडे आणि ठिकाण थेंबाच्या पोटात! कशासाठी? तर ‘बॅलन्स’ साधायला. वाचणाऱ्याला मात्र एका निरोपासाठी तीन ठिकाणी फिरावं लागलं. कधी, किती वाजता, कुठे, हे तिन्ही एकाच प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून ते एकत्रच हवं.

रांगेचंही तेच. आपण सगळं काही ‘सेंटर’ करतो, लग्नपत्रिकेसारखं. चार ओळी असतील तर ते ठीक. पण पाच-सहा ओळींच्या सूचना मधोमध घेतल्या की प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते आणि डोळ्याला दरवेळी नवी सुरुवात शोधावी लागते. सगळ्या ओळी डाव्या बाजूने एका अदृश्य उभ्या रेषेवर लावून बघा. फार काही न करता पान शहाण्यासारखं दिसायला लागतं.

४. रंग : आवडीचा नव्हे, फरकाचा प्रश्न

रंगाच्या बाबतीत आपण “मला हा आवडतो, मला तो आवडतो” यावर तास घालवतो. वाचायच्या मजकुरासाठी खरा प्रश्न एवढाच, की अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडात फरक किती? हा फरक मोजता येतो, ही गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडली. वेबपानांसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर निदान ४.५ : १ हवं असं म्हटलं आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १, याहून जास्त शक्यच नाही. पांढऱ्यावर पिवळं म्हणजे १.०७ : १, जवळपास अदृश्य! आणि लालभडकवर नारंगी, म्हणजे माझी कलाकृती, साधारण २ : १. मावशींचं काय चुकलं सांगा!

दुसरी गोष्ट. लाल आणि हिरव्यातला फरक काहींना नीट दिसत नाही. बहुतेक वेळा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे तो मुलांमध्ये मुलींपेक्षा खूप जास्त आढळतो. आपल्या कॉलेजातलं मुला-मुलींचं प्रमाण बघता हे लक्षात ठेवायलाच हवं! म्हणून ‘हिरव्या चौकटीतले पात्र, लाल चौकटीतले अपात्र’ असा तक्ता करू नका. रंगाबरोबर शब्द किंवा खूणही द्या. साधा उपाय म्हणजे पोस्टर एकदा कृष्णधवल करून बघायचं. तसं वाचता आलं तर रंगातही वाचता येईल.

तिसरी गोष्ट. स्क्रीन लाल, हिरव्या, निळ्या उजेडातून रंग तयार करते. छपाईत मात्र निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई असते. स्क्रीनवरचे काही झगमगीत रंग शाईत मिळतच नाहीत, म्हणून छापून आल्यावर ‘अरे, हे मळकट का दिसतंय?’ असं होतं. दुकानदाराशी भांडू नका, आधी एक छोटा नमुना छापून घ्या.

५. देवनागरी म्हणजे इंग्रजीचा अवतार नव्हे

हा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला, कारण इथे माझं कॉन्व्हेंट आडवं आलं. डिझाइनचे जे थोडेफार नियम मला माहीत होते ते सगळे इंग्रजी अक्षरांचे. तेच मी मराठीवर लादले.

इंग्रजीत शीर्षक भारदस्त दिसावं म्हणून अक्षरांमधली जागा वाढवतात. मी ‘रक्तदान’ला तसंच केलं. झालं काय, तर शिरोरेषा तुटली! आपल्या लिपीत शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो. ती तुटली की शब्द न राहता सुटी अक्षरं होतात. तेव्हा देवनागरीत अक्षरांमधली जागा वाढवू नये.

ओळींमधल्या जागेचं उलटं. इंग्रजीला अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के जागा सहसा पुरते. पण आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय जोडाक्षरं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसला तर दोन्ही वाचता येत नाहीत. मी आता १४० ते १५० टक्के ठेवते.

इंग्रजीत एखादा शब्द उठून दिसायला मोठ्या लिपीतली अक्षरं वापरतात. आपल्याकडे मोठी-छोटी लिपी हा प्रकारच नाही. अक्षरं तिरकी करणं हीसुद्धा बाहेरून आलेली सवय. त्यामुळे मराठीत ठसवायचं तर जाडी आणि आकार यांवरच मदार ठेवायची. तीसुद्धा फॉन्टमध्ये खरा जाड प्रकार असेल तर. बटण दाबून जाड केलेल्या अक्षरांत ‘क्ष’, ‘ष्ठ’, ‘द्ध’ यांची पोटं बुजून जातात.

मराठी अक्षरांवर मनापासून काम करणारी माणसं आपल्या जवळच होती आणि आहेत. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा फॉन्ट आपण वर्षानुवर्षं वापरतो. तो प्रा. र. कृ. जोशी यांनी केला. ते मुंबईच्या आयआयटीत शिकवायचे आणि नावाजलेले सुलेखनकार होते. आता मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे फॉन्ट मोफत मिळतात. ‘मुक्त’मध्ये बारीकपासून अगदी जाडपर्यंत सात वजनं आहेत, म्हणजे एकाच फॉन्टमध्ये पोस्टर पुरं होतं. चार फॉन्टची काहीच गरज नव्हती.

आणि एक धोक्याची सूचना. काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सोय आधी चालू करावी लागते. नाहीतर ‘विद्यार्थी’ची पहिली वेलांटी उडी मारून ‘व’च्या पुढे बसते आणि जोडाक्षर फुटतं. लाखभर रुपयांच्या फ्लेक्सवर असं बघितलं की वाईट वाटतं. इंग्रजी स्पेलिंग चुकलं असतं तर दहा जणांनी तपासलं असतं!

६. चित्र कधी बोलतं?

माझ्या पोस्टरवर थेंबाचं चित्र होतं, मग चित्राने काम का केलं नाही? कारण थेंब फक्त ‘रक्त’ एवढंच म्हणत होता. ‘खाऊन या’ हे तो म्हणत नव्हता.

चित्राला नेमकं काम दिलं की ते काय करू शकतं याचा पुरावा आपल्याच देशात आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी होती आणि पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड. ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं त्यालाही आपलं मत कुठे टाकायचं ते कळत होतं. यापेक्षा मोठी जबाबदारी चित्रावर क्वचितच पडली असेल.

असंच मेक्सिको सिटीत झालं. तिथली मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली आणि लान्स वायमन यांनी स्टेशनांसाठी चिन्हं ठरवली. चापुल्तेपेक या नावाचा अर्थ नाकतोड्याची टेकडी, म्हणून त्या स्टेशनचं चिन्ह नाकतोडा. वाचता न येणारा माणूसही ‘नाकतोड्यावर उतरायचं’ एवढं लक्षात ठेवू शकतो.

आपल्या रुपयाचं चिन्हही बघा. २०१० मध्ये सरकारने निवडलेलं हे चिन्ह डी. उदय कुमार यांनी केलं. त्यात देवनागरी ‘र’ आहे आणि इंग्रजी ‘आर’ची छटाही आहे. वरच्या आडव्या रेषेमुळे ते आपल्या लिपीतलं वाटतं, आणि मुख्य म्हणजे वाण्याला पेनाने सहज काढता येतं. चांगल्या चिन्हाची परीक्षा हीच : ते लहान करून, एका रंगात, घाईत काढलं तरी ओळखू येतं का?

७. छापण्याआधी

हे मुद्दे रुक्ष आहेत, पण रात्री अकराला दुकानात उभं राहायची वेळ येऊ नये म्हणून लिहिते. ए-३ कागद २९७ × ४२० मिमी असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर चित्र ३५०८ × ४९६१ पिक्सेलचं हवं. व्हॉट्सअॅपवरून आलेला १६०० पिक्सेलचा फोटो तेवढा ताणला की फुटणारच. कडेपर्यंत रंग असेल तर चारी बाजूंनी ३ मिमी जास्त ठेवा, नाहीतर कापताना पांढरी कड राहते. आणि दुकानदार “कर्व्ह करून आणा” म्हणतो त्याचा अर्थ अक्षरांचं रूपांतर आकारात करा. कारण तुमचा मराठी फॉन्ट त्याच्या कॉम्प्युटरवर असेलच असं नाही. मात्र कर्व्ह करण्याआधीची फाइल वेगळी जपून ठेवा. नंतर तारीख बदलली तर? (आणि ती बदलतेच!)

पुन्हा एकदा पोस्टर

या वर्षी शिबिराचं पोस्टर मी मागून घेतलं. पांढरा कागद, काळी अक्षरं, लाल रंग फक्त ‘रक्तदान’ या शब्दाला. त्याखाली तारीख, वेळ, ठिकाण, तिन्ही एकत्र. मग डाव्या बाजूला ताटाचं एक साधं चित्र आणि त्याच्या शेजारी मोठी ओळ.

ती ओळ मात्र माझी नाही. आधी मी लिहिलं होतं, ‘उपाशीपोटी येऊ नये.’ प्रिंट काढून मेसमध्ये घेऊन गेले, मावशींना पाच सेकंद दाखवलं आणि उलटं करून विचारलं, काय कळलं? त्या म्हणाल्या, “रक्त द्यायचंय, शनिवारी. उपाशी… यायचं ना?”

म्हणजे घाईत वाचताना ‘उपाशी’ दिसलं आणि ‘नये’ निसटलं! आधीपासून जे मनात होतं तेच त्यांनी वाचलं. मग त्याच म्हणाल्या, “असं आडून कशाला लिहितेस? सरळ लिही की, काहीतरी खाऊन या.”

दोन रात्री जागून मला जे जमलं नव्हतं ते त्यांनी पोळ्या लाटता लाटता केलं. काय करू नका हे सांगण्यापेक्षा काय करा ते सांगावं, हा धडा मला कोणत्याही पुस्तकाआधी मावशींकडून मिळाला. तीच ओळ छापली.

शिबिराला या वेळीही दोघे उपाशी आले. त्यांनी पोस्टर बघितलंच नव्हतं, मित्राबरोबर आले होते. म्हणून दारातच केळी आणि बिस्किटं ठेवली होती. पण बांधकामावरचे कामगार जेवून आले आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी रक्त दिलं. मावशीही आल्या. त्यांचं हिमोग्लोबिन मात्र १२.५ च्या खाली निघालं, त्यामुळे त्यांना देता आलं नाही. डॉक्टरांनी त्यांना तपासणी करून घ्यायला सांगितलं. “पोटभर जेवून आले होते गं,” मावशी हसत म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही. पोस्टरने सगळे प्रश्न सुटत नाहीत. पण निदान या वेळी त्या माझ्या चुकीमुळे परत गेल्या नाहीत.

तर मंडळी, पुढचं पोस्टर करायला बसाल तेव्हा सॉफ्टवेअर उघडण्याआधी एका कागदावर हे चार प्रश्न लिहा. कोण बघणार? कुठून बघणार? त्याच्या मनात आधीच काय आहे? बघून त्याने काय करायचं? आणि छापण्याआधी ते पाच सेकंद अशा माणसाला दाखवा, जो तुमच्या वर्गातला नाही आणि ज्याला तुमचं कौतुक करायची काही गरज नाही.

असा माणूस सापडत नसेल तर मेसमध्ये या. मावशींशी ओळख करून देते. मात्र जेवणाच्या वेळेत येऊ नका… म्हणजे, चार वाजता या!